फडावरचा कोरा चहा आणि गव्हाणीतलं लेकरू

गव्हाणी_अंबड | १६ डिसेंबर, रात्री ९:५२

जय ख्रिस्त आणि नमस्कार, सगळ्यांनाच.

काल चर्चमध्ये नाताळाआधीच्या आगमनकाळाची तिसरी मेणबत्ती लागली. उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पुढच्या रविवारी नम्रतेवर दहा मिनिटं तुम्ही बोला. मी हो म्हणून बसलो आणि घरी आल्यावर जीव धास्तावला. नम्रता म्हटलं की मला एक कप चहा आठवतो. गेल्या नाताळात मी तो घेतला नाही. वर्ष झालं, बायकोशिवाय कुणाला ही गोष्ट सांगितलेली नाही.

आमच्याकडं जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आता जिकडं बघावं तिकडं ऊस. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गेल्या वर्षी २४ डिसेंबरला आमच्या तरुण संघानं वर्गणी काढून चाळीस ब्लँकेटं घेतली आणि दुपारी आम्ही एका फडावर गेलो. कालव्याच्या कडेला पंधरा-वीस कोप्या. तट्टे, वरून ताडपत्री, आत जेमतेम एक बाज मावेल एवढी जागा. माणसं फडात होती. कोप्यांवर म्हातारी माणसं, लेकरं आणि एक बाळंतीण.

लेकरू अकरा दिवसांचं. तिथंच, त्या कोपीतच झालेलं. जावेनं सोडवलं होतं. खताच्या गोणीची झोळी करून तिवईला बांधलेली आणि वर जुन्या लुगड्याची घडी. परवापासून फडात उतरायचं म्हणाली. दोघांची मिळून उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापतात.

मी ब्लँकेट दिलं. तिनं ते झोळीखाली ठेवलं आणि चुलीकडं वळली. पाचटाचा जाळ केला, जर्मनच्या पातेल्यात पाणी टाकलं, गूळ टाकला. घरात कान असलेला एकच कप होता. तो तिनं तांब्यातल्या पाण्यानं दोनदा विसळला, पदरानं आतून पुसला, चहा ओतला आणि माझ्यापुढं धरला.

मी म्हणालो, "नको ताई, राहू द्या. तुमचीच अडचण. आम्ही घरून पिऊन आलोय."

कप तसाच धरून ती थांबली. मग हळूच म्हणाली, "आमच्या हातचा चालत न्हाई का?"

मी "तसं नाही ओ" एवढंच बोललो. तेवढ्यात बाहेरून पोरांनी फोटोसाठी हाक मारली आणि मी निघालो. कप तिच्या हातातच राहिला.

माझे आजोबा मांगवाड्यातले. तरुणपणी त्यांना हॉटेलात चहा बाहेर उभं राहून मिळायचा. कपबशी वळचणीला वेगळी टांगलेली. प्यायची, धुवायची, परत टांगायची. पुढं ते ख्रिस्ती मंडळीत आले. एका पाळकाच्या घरी त्यांना पहिल्यांदा घरातल्याच कपात चहा मिळाला, आणि तो कप बशीवर थरथरून वाजत होता, हे ते ऐंशीव्या वर्षीही सांगायचे. आणि त्यांच्या नातवाला, नाताळाच्या आदल्या दिवशी, एका बाईनं तेच वाक्य विचारावं.

मला त्या वेळी वाटलं होतं की मी तिचा गूळ वाचवतोय. म्हणजे मी भला माणूस आहे. यात गर्व कुठं होता ते कळायला मला कित्येक महिने लागले. मी देणारा आणि ती घेणारी, ही मांडणी मला मोडू द्यायची नव्हती.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट आता मी वेगळी वाचतो. आपण दरवर्षी म्हणतो, देव गरिबाघरी आला, गोठ्यात आला. ते खरंच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तो तान्हं लेकरू होऊन आला. तान्ह्या लेकराला काही देता येत नाही. दूध कुणी तरी पाजायचं, बाळंत्यात कुणी तरी गुंडाळायचं, मान कुणी तरी सावरायची. नाताळाच्या सगळ्या गोष्टीत येशू कुणाला काहीच देत नाही, नुसता घेतो. ज्याच्या हातून सगळं आलं, त्यानं माणसाच्या हातचं चालवून घेतलं.

रविवारी हेच बोलावं असं मनात आहे. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

बेथेलची_लेक | १६ डिसेंबर, रात्री १०:३५

भाऊ, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझं माहेर जालन्याजवळचं बेथेल. नव्या वाचकांसाठी सांगते, हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं. देशस्थ ब्राह्मण घरातला माणूस. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं जालन्याला आला. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि मांग-महारांतून मंडळीत आलेल्या कुटुंबांना तिथं घरं, शेती, विहीर, शाळा उभी करून दिली. आम्हाला लहानपणी शेषाद्रींची थोरवी सांगायचे ती एवढीच, की ते आले आणि राहिले. मला मोठेपणी वेगळाच प्रश्न पडला: ते आमच्या पणज्यांच्या हातचं जेवत असतील तेव्हा पहिला घास कसा गेला असेल? तो घास घेणं हीच त्यांची खरी दीक्षा असावी असं मला वाटतं.

दुसरी आठवण. आई नाताळात करंज्या, अनारसे, शंकरपाळे करायची आणि आळीत ताटं पाठवायची. ताटं द्यायला मी जायचे. एक काकू ताट दारातूनच घ्यायच्या, आमच्यासमोर "वा वा" करायच्या आणि मग ते गाईपुढं जायचं. मी एकदा भिंतीआडून बघितलं. घरी येऊन रडले, म्हटलं पुढच्या वर्षी त्यांना पाठवू नको. आईनं पाठवलंच. त्यांचं दिवाळीचं ताट आलं की आई आम्हा सगळ्यांना बसवून त्यातलं एकेक खायला लावायची. म्हणायची, "त्यांनी मनापासून दिलंय, आपण मनापासून घ्यायचं." आईचं मन मला तेव्हा कळलं नाही. आता थोडं थोडं कळतं.

शब्दवेडा_नांदेड | १७ डिसेंबर, सकाळी ७:१०

उत्तम धागा. एक भाषेची गोष्ट सांगतो, तुमच्या दहा मिनिटांत कामाला येईल.

आपल्या मराठी बायबलात आहे की उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं. तिथं मूळ ग्रीक शब्द आहे कातालुमा. हाच शब्द लूक बाविसाव्या अध्यायात, शेवटच्या जेवणाच्या खोलीसाठी वापरतो. आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (यहुद्यांनी परकी मानलेल्या जमातीतला माणूस वाटेतल्या जखमीला मदत करतो ती गोष्ट) खरीखुरी पैसे देऊन उतरायची जागा येते, तिथं त्याच लूकनं वेगळाच शब्द योजलाय: पांदोखेयोन. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की बेथलेहेमात भरली होती ती पाहुण्यांची खोली. योसेफ त्याच्या वाडवडलांच्या गावी आला होता, नावनिशीसाठी. घर नातलगाचं असणार. पाहुण्यांची खोली गच्च, म्हणून बाळंतपण घरातल्या मधल्या जागेत झालं, जिथं रात्री जनावरंही बांधत.

त्या मुलखातलं कष्टकऱ्याचं घर कसं असायचं? एकच मोठी जागा. माणसांचा भाग जरा उंच, जनावरांचा खाली, आणि दोन्हींच्या मध्ये, कडेला, गव्हाण. हे वाचलं आणि मला आमचं कंधारकडचं माळवदाचं घर आठवलं. दारातून आत आलं की ढाळज, पलीकडं दावण, आणि रात्री बैलाच्या गळ्यातली घंटा आजीच्या अंथरुणापर्यंत ऐकू यायची. आमच्या घरात बाळंतिणीला थंडीच्या दिवसांत जनावरांच्या अंगाला अंग लागेल अशाच कोनाड्यात निजवायचे, ऊब असते म्हणून.

म्हणजे दार लावून घेणारा खानावळवाला मुळात गोष्टीत नाहीच. लूकनं त्याचं नावही घेतलेलं नाही, तो आपल्या नाटकांनी घातला. अडचणीत असलेल्या एका घरानं सरकून जागा केली असणार. तुमच्या कोपीतल्या बाईसारखी.

बाकी गव्हाणीचा देखावा मांडायची चाल असिसीच्या फ्रान्सिसची. १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी त्यानं खरा बैल, खरं गाढव आणि खरा चारा आणून रात्री उपासना केली होती. आपल्याकडं पोरं ज्वारीच्या कडब्याचा गोठा करतात तो त्याच घराण्यातला.

नवीन_सदस्य_जिंतूर | १७ डिसेंबर, सकाळी ११:४८

चांगली माहिती. एक शंका. २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये आहे का?

शब्दवेडा_नांदेड | १७ डिसेंबर, दुपारी १२:०५

नाही. तारीख नाही, महिना नाही. रोममध्ये २५ डिसेंबरला हा सण पाळल्याची लिखित नोंद मिळते ती इ. स. ३३६ ची. बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, तीनच होते हेही बायबलात नाही, भेटी तीन होत्या एवढंच आहे: सोनं, ऊद, गंधरस.

प्रश्न_परभणी | १७ डिसेंबर, रात्री ८:२०

सगळं वाचलं. लेखकाच्या मनाबद्दल शंका नाही. पण मला यातलं एक पटत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नम्रता कुणाला शिकवताय? आमच्या बापजाद्यांना नम्रता शिकवायला कुणी लागलंच नाही. जोहार घालता घालता कंबर वाकली त्यांची. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली, वस्त्या जळाल्या, तेव्हा आमच्या आज्याला गावातल्या शहाण्या लोकांनी येऊन काय सांगितलं? "नमतं घ्या." आज्याचं घर जळालेलं, आणि नमतं त्यानंच घ्यायचं. मी जन्मानं बौद्ध आहे, बायको ख्रिस्ती कुटुंबातली. तिच्यासोबत मी नाताळाला चर्चला जातो. तिथं दरवर्षी नम्र व्हा, लीन व्हा हे ऐकतो आणि बाकांवर बघतो. बसलेले कोण? सफाई कामगार, नर्सबाई, रोजंदारीवाले, शिक्षक. यांनी आणखी किती खाली जायचं?

उत्तर द्या. मी भांडायला आलेलो नाही.

गव्हाणी_अंबड | १७ डिसेंबर, रात्री ११:४०

दादा, तुमचा प्रतिसाद चारदा वाचला. बरं झालं लिहिलंत, नाही तर मी रविवारी हीच चूक केली असती.

मला सुचतं ते असं. प्रेषित पौलानं फिलिप्पै गावच्या मंडळीला तुरुंगातून पत्र लिहिलं, त्याच्या दुसऱ्या अध्यायात हा विषय येतो. तो म्हणतो, ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा होता, त्यानं स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं. रिक्त कोण होऊ शकतो? ज्याच्याकडं भरलेलं आहे तो. खाली कोण उतरू शकतो? जो वर आहे तो. ज्याला आधीच खाली दाबून धरलंय त्याला तिथंच राहा म्हणणं ही नम्रतेची शिकवण नाही, ती त्याच्यावरची जबरदस्ती आहे. नमतं घ्यायला लावतात ते दुसरे. नम्र माणूस स्वतःहून होतो.

आणि मरीयेचं गाणं आहेच. लूकच्या पहिल्याच अध्यायात, बाळ पोटात असताना ती गाते. ती स्वतःला दासी म्हणते आणि त्याच दमात म्हणते की देवानं राजांना गादीवरून खाली ओढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि धनवानांना रिकाम्या हातानं लावून दिलं. गालील प्रांतातल्या खेड्यातली, लग्न ठरलेली, लोकांच्या तोंडी लागलेली पोर. नाताळाचं पहिलं गाणं तिचं आहे, आणि त्यात कुणी नमतं घेतलेलं नाही. आपण ते देवदूतांच्या कॅरलमध्ये विसरून जातो.

माझी गोष्ट त्या बाजूची नाही हेही मला आज दिसलं. आजोबा खालच्या पायरीवर होते. मी नाही. पगारदार आहे, पक्कं घर आहे, जीपमधून उतरलो होतो. त्या कोपीपुढं वरचा मीच होतो. उतरायचं मला होतं. तिला नाही.

शब्दवेडा_नांदेड | १८ डिसेंबर, सकाळी ६:५५

परभणीकरांच्या प्रश्नाला भाषेतूनच एक जोड. पौल त्या उताऱ्यात नम्र या अर्थानं जो शब्द वापरतो, तो मूळ ग्रीकांच्या बोलण्यात बहुतेक वेळा हिणवायचा शब्द होता. खालचा, हलका, लाचार. इज्जतदार माणसाला कुणी तसं म्हटलं तर शिवी. आणि फिलिप्पै ही रोमनांची वसाहत, जिथं निवृत्त सैनिक आपापल्या हुद्द्याचा तोरा मिरवत. त्या गावाला पौल लिहितो की आमच्या प्रभूनं हा शब्द स्वतःला लावून घेतला आणि क्रूसावर, म्हणजे गुलामांना देत त्या मरणानं, मेला. त्यामुळं शिवीचा शब्द मोठा झाला. ज्यांना आयुष्यभर तो शब्द चिकटवला होता त्या गुलामांना हे ऐकून काय वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार करतो.

प्रश्न_परभणी | १८ डिसेंबर, रात्री ९:०२

"उतरायचं मला होतं, तिला नाही." हे वाक्य रविवारी बोला. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मरीयेचं गाणं तिच्या आजीला तोंडपाठ होतं, अक्षरओळख नसताना.

गोदाकाठचा_वारकरी | १९ डिसेंबर, पहाटे ५:३०

रामकृष्णहरी. पैठणहून लिहितो.

मला ख्रिस्ती धर्मातलं फार कळत नाही, पण तुमची गोष्ट वाचल्यापासून नाथमहाराज डोळ्यांपुढून हलत नाहीत. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात महाराचं लेकरू रडत होतं, नाथांनी ते उचलून कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी नेऊन पोचवलं, ही गोष्ट आमच्याकडं लहान पोरही सांगतं. काशीची कावड रामेश्वराला नेताना तहानेल्या गाढवाला पाजली, तीही सगळ्यांना ठाऊक. पण आमचे एक कीर्तनकार बुवा तिसऱ्या गोष्टीवर जास्त वेळ थांबायचे: नाथ रनिया महाराच्या घरी जेवायला गेले ती. त्याच्या घरच्यांनी बोलावलं आणि नाथ गेले. बुवा म्हणायचे, लेकरू उचलताना नाथांचे हात वर होते, जेवताना हात पुढं आला. गावानं वाळीत टाकलं ते या दुसऱ्या हातासाठी.

तुम्ही जे घेण्याबद्दल म्हणताय ते हेच ना?

बेथेलची_लेक | १९ डिसेंबर, दुपारी ३:१५

बाबा, अगदी हेच. आमच्याकडं योहानाच्या तेराव्या अध्यायात याचीच दुसरी बाजू आहे. शेवटच्या जेवणाला येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्र पाय मागं घेतो, "माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत." ऐकायला किती नम्र वाटतं! आणि येशू म्हणतो, मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्यात वाटा नाही. लहानपणापासून मला पेत्राचंच बरोबर वाटायचं. अंबडच्या भाऊंचा "नको ताई, राहू द्या" वाचला आणि पेत्राचा पाय मला स्पष्ट दिसला.

आणि येशूनं जन्मभर घेतलंच की. शोमरोनी बाईकडं पाणी मागितलं. बोलायला पेत्राची नाव मागून घेतली, यरुशलेमेत शिरायला कुणाचं शिंगरू, जेवायला कुणाची माडी. कबरसुद्धा दुसऱ्याची.

मांजराकाठ | १९ डिसेंबर, रात्री १०:४८

मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

औसा तालुका. किल्लारीपासून आमचं गाव जवळ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. मी नऊ वर्षांचा. आदल्या रात्री गणपती बोळवून आलो होतो, पायाला गुलाल तसाच. वर नांदेडच्या भाऊंनी माळवदाच्या घराची ऊब लिहिली. ती खरी. पण त्याच माळवदाच्या मातीनं आणि गोल दगडांच्या भिंतींनी आमची आजी आणि धाकटी बहीण नेली. आमच्या भागात दहा हजारांच्या आसपास माणूस गेलं.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक. घेणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. ट्रकच्या ट्रक कपडे आले, पाव आले, भांडी आली. चार बैल बाळगणारा माझा बाप रांगेत उभा राहिला. समोरचा फोटो काढायचा आणि बाप मान खाली घालायचा. त्या घेण्यात नम्रता नव्हती, मरण होतं. म्हणून घेणं चांगलं असं सरसकट म्हणू नका. कोण देतंय, कसं देतंय, त्यावर आहे.

दोन. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पाऊस लागलेला, एक बाई आली. पांढरी साडी, गळ्यात क्रूस. कुठल्या संस्थेची ते माहीत नाही. तिच्या हातात काहीच नव्हतं. ती माझ्या आईजवळ चिखलात बसली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, तुमच्याकडं प्यायला पाणी आहे का?" आई उठली. घागर सापडली होती ती कलती केली, तांब्या भरला, तिला दिला. ती सगळा तांब्या प्यायली. आणि माझी आई, जी तीन दिवस दगडासारखी बसून होती, ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

आईनं पुढं पाच वर्षं देवापुढं दिवा लावला नाही. मग एक दिवस लावला, का ते सांगितलं नाही. तुमच्या धर्मात अशा माणसाला जागा आहे का? ज्याचा विश्वास बसत नाही पण सुटतही नाही, अशाला?

गव्हाणी_अंबड | २० डिसेंबर, सकाळी ६:२०

मांजराकाठ, रात्रीच वाचलं. लगेच लिहायला हात होईना.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. आम्हीही ब्लँकेटं देताना फोटो काढले. ते मी काल रात्री फोनमधून काढून टाकले.

जागा आहे का विचारलंत. आहे. मार्काच्या नवव्या अध्यायात एक बाप आजारी पोराला घेऊन येतो. येशू विश्वासाचं विचारतो तेव्हा तो ओरडतो की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एका दमात. आणि येशू पोराला बरं करतो. आधी विश्वास पक्का करून ये, असं म्हणत नाही.

आणखी एक. नाताळाच्या गोष्टीत आम्ही कार्डावर छापत नाही असा एक भाग आहे. मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद राजा बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली लेकरं मारतो. तिथं राहेलीचं, म्हणजे इस्राएल लोकांच्या आद्य मातेचं, रडणं आहे, आणि लिहिलंय की ती सांत्वन घेईना, कारण तिची लेकरं नाहीत. शुभवर्तमानानं तिला गप्प केलेलं नाही. पुष्कळ मंडळ्यांत २८ डिसेंबर हा त्या लेकरांच्या आठवणीचा दिवस असतो, नाताळानंतर तिसराच. तुमच्या आईची ती पाच वर्षं मला त्या राहेलीजवळची वाटतात. याच्यापुढं मला बोलता येत नाही. भूकंप का झाला, देव कुठं होता, याचं उत्तर माझ्याजवळ असतं तर मी तुम्हाला ते देऊन मोकळा झालो असतो आणि तुमच्याजवळ बसलो नसतो.

गव्हाणी_अंबड | २२ डिसेंबर, रात्री ८:३०

आज बोललो. दहा मिनिटांचं काही झालं नाही, चहाची गोष्ट सांगता सांगता आवाज गेला. परभणीच्या दादांचा प्रश्न तसाच्या तसा मांडला. मागच्या बाकावरून एक मावशी मोठ्यानं "हो" म्हणाल्या. पन्नास वर्षं दवाखान्यात फरशी पुसली त्यांनी.

उपासनेनंतर तरुण संघ बसला. यंदा ब्लँकेटं द्यायची का, यावर वाद झाला. थंडी आहे, लेकरं उघडी आहेत, द्यायलाच पाहिजेत यावर सगळे एक. ठरलं असं की ब्लँकेटं मुकादमाकडं दोन दिवस आधी, कुणाचं नाव न लावता पोचवायची. २५ ला दुपारी जायचं ते नुसतं भेटायला. ढोलकी आणि पेटी न्यायची, दोन गाणी म्हणायची, आणि कुणी काही दिलं तर खायचं.

गव्हाणी_अंबड | २५ डिसेंबर, रात्री १०:१५

सर्वांना नाताळाच्या शुभेच्छा.

गेलो होतो. ती बाई नाही. यंदा टोळी वेगळी, वडवणीकडची. गेल्या सालची मंडळी कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली असं एक म्हातारी म्हणाली. कोप्या त्याच जागी, कालव्याच्या कडेला. मला वाटलं होतं ती भेटेल, लेकरू वर्षाचं झालं असेल, पाय टाकत असेल. भेटली असती तर काय बोललो असतो ते मी वाटेत दहादा घोकलं होतं.

पोरांनी गाणी म्हटली. फडातून आलेली माणसं कोयते बाजूला ठेवून बसली. एकानं पेटी मागून घेतली आणि विठ्ठलाचं भजन म्हटलं, आमची पोरं टाळ्या धरून बसली. मग त्या म्हातारीनं पाचटाचा जाळ केला. कोरा चहा, गुळाचा. कप दोन आणि आम्ही नऊ जण. दोघांचं पिऊन झालं की ती कप विसळायची आणि पुढच्याला द्यायची. माझी पाळी शेवटी आली. चहात धुराचा वास होता आणि गूळ जास्त झाला होता. मी सगळा प्यायलो. बायकोनं मागून आणखी अर्धा कप घेतला.

निघताना एका पोरीनं माझ्या मुलाच्या हातात सोललेल्या उसाचं कांडं दिलं. तो माझ्याकडं बघायला लागला, घेऊ का म्हणून.

प्रश्न_परभणी | २५ डिसेंबर, रात्री १०:५०

वहिनींना नमस्कार सांगा.

मांजराकाठ | २६ डिसेंबर, सकाळी ७:४०

सोमवारी येळवस, म्हणजे वेळा अमावस्या आहे. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, सगळे शिवारात. कडब्याची कोप करतो, आत पांडव मांडतो, पुजतो, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून जेवायला बसवतो. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. आई आता पंच्याहत्तरीची आहे, पण भज्जी अजून तीच करते. तिला तुमचा धागा वाचून दाखवला. कोपीतल्या चहापाशी ती म्हणाली, "त्या मास्तराला बोलव."

तुम्ही पुजेला बसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, त्याचा आग्रह नाही. जेवायला या. अंबडहून लांब पडेल, ठाऊक आहे.

गव्हाणी_अंबड | २६ डिसेंबर, सकाळी ८:०५

येतो. मी, बायको आणि दोन लेकरं. हात हलवत येतो.